उजव्या मनगटावरची वेळ

चाचांचं दुकान बंद असलं की शटरवर एक पाटी लटकायची. वर मराठीत 'परत येतो' आणि खाली दहा आकडे. बस्स. बल्लारपूर स्टेशनसमोरच्या त्या गल्लीत नवीन आलेला माणूस काय करणार? तो खिशातून मोबाइल काढायचा आणि तो नंबर लावायचा. नंबर अस्तित्वात नाही असं पलीकडून ऐकू आलं की चिडून शेजारच्या चहाच्या टपरीवर जायचा. चहावाला किटली हातातून न ठेवता म्हणायचा, "भाऊ, तो फोन नंबर नाई. तो टाइम हाय."

"असा कसा टाइम?"

"तसाच. चाचा आले का त्याहीलेच पुसजा."

चाचा आले की गिऱ्हाइकाची माफी मागायचे नाहीत, उलट त्यालाच झापायचे. "एवढा साफ लिहून गेलो, तरी वाचता येत नाई? हा आकडा दुनियेतली एकूणएक मशीन वाचते. तुम्हीच काऊन नाई वाचत?"

त्या दुकानात मी अडीच वर्षं काम केलं. माझं गाव मूलच्या पुढे, धानाच्या पट्ट्यातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बी.एस्सी. कॉम्प्युटरची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी चाचांच्या समोर बसले, तर त्यांनी ती पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

"कितीची हायस?"

मी जन्मतारीख सांगितली.

"टाइम?"

"टाइम नाही माहीत."

"मग मध्यरात्र धरतो. ज्याचा टाइम कोणी लिहून ठेवला नाई, तो मध्यरात्रीच जन्मते." कळा झिजलेल्या कॅल्क्युलेटरवर त्यांची बोटं चालली. "नऊ आकडी. म्हणजे दोन हजार एकच्या सप्टेंबरच्या आधीची. त्यानंतरचे सगळे दहा आकडी. तुह्या अन् त्याहीच्या मधात एक आकडा वाढला, समजलीस का ग्रॅज्युएट?"

त्या दिवसापासून मी 'ग्रॅज्युएट' झाले. चाचा टोमणा म्हणून म्हणायचे, मी मात्र पदवी म्हणूनच घेतली.

तो आकडा काय भानगड आहे ते सांगते. १९७० सालच्या एक जानेवारीला, तिकडे इंग्लंडात ग्रीनिचला रात्रीचे बारा वाजले, तेव्हापासून आजपर्यंत किती सेकंद झाले, तो हा आकडा. तुमचा मोबाइल, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, दुकानातला कॅमेरा, सगळे आतल्या आत हाच आकडा मोजत बसलेले असतात. आपल्याला तारीख दाखवतात ती आपल्या समाधानासाठी. चाचांच्या भाषेत, "आकडा नागवा जन्मते. तारीख म्हणजे त्याचे कपडे. अन् कपडे गावागावचे वेगळे." आमचं काम शिंप्याचं. मिलवाले, शाळावाले, कॅमेरेवाले आपल्या फायली घेऊन यायचे, त्यातल्या आकड्यांना आम्ही तारखांचे कपडे घालायचो. कधी उलटं, तारखांचे कपडे उतरवून आकडे करून द्यायचे.

चाचांच्या दोन्ही हातांना घड्याळं होती. डाव्या मनगटावर आपली वेळ, उजव्यावर ग्रीनिचची, म्हणजे साडेपाच तास मागची. नवीन माणूस "किती वाजले?" म्हणून विचारायचा, तर चाचा आधी विचारायचे, "कुठले?" त्यांची बेगम सांगायची की फजरच्या नमाजानंतर, बरोबर साडेपाचला, उजव्या घड्याळात बारा वाजले की हा माणूस चहाचा कप हातात धरून जाहीर करतो, "लो, मशीनची तारीख बदलली." बेगम म्हणायची, "माझी तर सकाळच झाली नाही अजून, अन् याच्या मशीनचा दिवस लागला."

हिशेबात चाचा पक्के होते असं मात्र कोणी समजू नये. लीप वर्ष ते हमखास विसरायचे, उत्तर चोवीस तासांनी चुकायचं, आणि मी दाखवून दिलं की कॅल्क्युलेटरला शिव्या घालायचे. "जुना झाला साला." कॅल्क्युलेटर बिचारं निमूट ऐकून घ्यायचं. पण एक प्रश्न ते कधी विसरले नाहीत. कुठलीही तारीख समोर आली की, कुठली? कोणाच्या गावची?

एकदा मूलच्या एका राइस मिलचा कारकून आला, घामाघूम. त्याने घरच्या घरी हजेरीच्या आकड्यांच्या तारखा केल्या होत्या आणि त्याच्या हिशेबाने मिलचे सगळे हमाल सन पंचावन्न हजार आणि काहीतरी या साली कामावर हजर होते. चाचांनी फाईल लांब धरून आकडे मोजले. "तेरा हायेत ना बाप्पा! दहा असले तं सेकंद, तेरा असले तं सेकंदाचे हजारावे तुकडे. तीन आकडे उडव." मग कागद परत देताना म्हणाले, "पण पंचावन्न हजार साली हमाल येऊन राह्यले, ही खुशीचीच गोष्ट हाय. मिल राहीन का तवरी, ते पाह्य."

दुसऱ्या एका गृहस्थाने मुलाच्या लग्नाचे फोटो आणले. सगळ्या फोटोंवर तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. चाचांनी ती तारीख पाहिली की त्यांचा चेहरा जुना दोस्त भेटल्यासारखा व्हायचा. "हे शून्य हाय. शून्याले आपल्या गावचे कपडे घातले का पहाटचे साडेपाच होते. मशीनले काहीच माहीत नाई, पण कबूल कराची लाज वाटते, म्हणून हे तारीख सांगते." वर आणखी, "आपल्या मास्तर लोकाहीचं तेच होतं. पोट्ट्याचा जन्म माहीत नसला का ठोक एक जुलै."

खुद्द चाचा एक जुलैचे. सालही साठच्या दशकातलं, म्हणजे त्यांचा आकडा शून्याच्या आधीचा, उणे. काही मशीन उणे आकडा घ्यायलाच तयार नसायची. कुठे काही नोंदवायला गेले की जन्मसाल १९७० च्या खाली उतरायचं नाही आणि चाचा खिडकीतल्या पोराशी भांडायचे. "मी जन्मलोच नाई का? मग हे बोलून कोण राह्यलं?" घरी येऊन मात्र अभिमानाने सांगायचे, "आपण उणे माणसं. दुनिया मोजायला बसली त्याच्या आधीपासून हाओत."

हे सगळं मला तेव्हा मजेचं वाटायचं. त्यात कोणाचं काही अडलेलं नव्हतं तोवर.

माझी धाकटी बहीण नर्सिंग शिकली. आमच्या घरातली दुसरी शिकलेली. एका संस्थेचा फिरता दवाखाना धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांमधून चालायचा, तिथे नर्सच्या जागा निघाल्या. तिने मोबाइलवर फॉर्म भरला, मुलाखत दिली, निवड झाली. आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले. उरली होती ती कागदपत्रांची पडताळणी, गडचिरोलीला.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज असा की मी आधी समजले अपघात झाला.

"ताई, फॉर्मवर माझी तारीख वेगळी आली हाय."

तिच्या जन्माच्या दाखल्यावर १ मार्च २०००. दाखला दवाखान्याच्या नोंदीवरूनच निघालेला. पण संस्थेच्या कॉम्प्युटरने तिच्या फॉर्मची प्रिंट काढली त्यावर २९ फेब्रुवारी. पडताळणीच्या मॅडमनी विचारलं, खरं काय? धाकटी म्हणाली, एक मार्च. मॅडम म्हणाल्या, मग फॉर्ममध्ये एकोणतीस का टाकली? धाकटी घाबरली. म्हणाली, चुकून पडली असेल. तिथेच ती फसली, कारण चुकून पडायला ती चुकलीच नव्हती.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं, घरी फोन लाव, आईला विचार. फोन लागला. माय शेतातून नुकतीच आलेली. स्पीकरवर मॅडमनी विचारलं, "मुलगी कधी झाली तुमची?" आणि मायने ठासून सांगितलं, "मंगळवारच्या राती. चांगलं याद हाय मले. बुधवार उजाडाचा होता अजून."

मॅडमनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. २००० सालची २९ फेब्रुवारी. मंगळवार.

आता बघा. फॉर्म म्हणतो एकोणतीस, जन्मदाती आई म्हणते मंगळवार, आणि फक्त दाखला म्हणतो एक. म्हणजे दाखल्यातच फेरफार. मॅडमनी शेरा मारला नाही, एवढी मेहरबानी केली. परवा दुपारपर्यंत समाधानकारक खुलासा आणा, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलवावं लागेल, असं सांगितलं.

मी फोन ठेवला तर चाचा समोरच उभे. त्यांनी काय झालं असं विचारलं नाही. विचारलं, "दाखल्यावर किती?"

"एक."

"अन् प्रिंटवर?"

"एकोणतीस."

"एकच दिवस मागं?"

"एकच."

चाचांनी टेबलावर थाप मारली. "साडेपाचनं मारलं पोरीले!" आणि पाटी काढली. कोणाच्या घरगुती कामासाठी चाचांनी दुकान बंद केल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मनात धरून त्यांनी दहा आकडे लिहिले. घाईत ते चुकले असणार, कारण नंतर मी पाटीवरचा आकडा लावून पाहिला तर त्या हिशेबाने दुकान आठवडाभर बंद राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गडचिरोलीच्या एसटीत बसलो. मूलच्या स्टँडवर माय चढली. मी तिला यायला सांगितलं नव्हतं. कपाळावर पदर ओढून ती माझ्या शेजारी बसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मी खोटं नाई बोलली बापा. पण माह्याच तोंडानं पोरीचं गेलं."

चाचा पुढच्या सीटवर होते. ते मागे वळले. "बाई, एक पुसू का? पोरगी झाली तवा कोंबडा आरवला होता?"

"एकदा आरवला होता."

"अन् बुधवार कवा लागला?"

मायने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी पाणी ओलं असतं का असं विचारलं होतं. "उजाडल्यावर. आणखी कवा लागते?"

चाचांनी उजवं मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं आणि इतक्या मोठ्याने हसले की कंडक्टरने वळून बघितलं. "बाई, तुम्ही अन् ग्रीनिच एकाच टाइमवर चालून राह्यले!"

"ते कोण?"

"लांबचे पावणे हायेत."

माय माझ्या कानाशी आली. "हा माणूस बरा हाय ना?"

संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात दहा-बारा मुली बाकांवर बसलेल्या, सगळ्यांच्या मांडीवर फायली. धाकटी एका टोकाला. तिचे डोळे सुजलेले. आम्ही चौघं आत गेलो.

मॅडम पन्नाशीच्या आतबाहेरच्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. चाचांनी खुर्ची ओढली आणि सुरू झाले. १९७०, ग्रीनिच, नागवा आकडा, कपडे. प्रिंटवर चौकोनी क्यूआर छापलेला होता, तो त्यांनी मोबाइलने वाचला तर त्यात तिच्या जन्मतारखेचा आकडाच निघाला: ९५१८४९०००. "हे पाहा! पुरावा!" म्हणत त्यांनी टेबलावरच्या जुन्या पाकिटावर भागाकार मांडला. दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे, त्याने भागलं, बाकी उरली सहासष्ट हजार सहाशे. "म्हणजे किती तास? साडेअठरा! त्यात आपले साडेपाच मिळवा, चोवीस! बरोबर आपली मध्यरात्र, मॅडम. पोरीनं कॅलेंडरात एक मार्चवरच बोट ठेवलं. मशीननं एक मार्चची आपली मध्यरात्र धरली. पण प्रिंट काढणाऱ्यानं कपडे घातले ग्रीनिचचे. तिथं तवा आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहाच वाजले होते!"

मी त्या दुकानात अडीच वर्षं काढली होती म्हणून मला समजलं. मॅडमच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"हे बघा काका, तुमचं गणित बरोबर असेल. पण मी वर काय लिहू? ग्रीनिचमुळे तारीख बदलली? आणि आई म्हणतात ते?"

"आई बी बरोबर हाय!" चाचा म्हणाले.

"मग दाखला?"

"दाखला बी बरोबर हाय!"

"सगळेच बरोबर आहेत, तर चुकलं कोण?" मॅडमचा आवाज चढला. धाकटीने माझा हात धरला. मायने डोळे मिटून घेतले. चाचा पुन्हा पाकिटाकडे वळले, पेन सरसावून, आणखी एक भागाकार करायला. मला दिसलं की हा भागाकार संपला तर बहिणीची नोकरीही संपणार.

मी म्हणाले, "चाचा, थांबा." आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमची जन्मतारीख टाकून बघा ना. याच फॉर्ममध्ये. तुमच्या हाताने."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉम्प्युटर आपल्याकडे फिरवला.

"एक जानेवारी," टाइप करता करता त्या म्हणाल्या.

चाचांच्या भुवया वर गेल्या. "खरी हाय का मशीनची?"

"माझी खरी आहे!"

"नाई, पुसलं फक्त."

बाकीचे रकाने त्यांनी काहीबाही भरले आणि प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला. मॅडमनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. ३१ डिसेंबर. आणि साल आदलं.

मग चाचाच म्हणाले, अगदी हळू, "मॅडम, तुम्ही तं एका बटनात एका सालानं मोठ्या झाल्या."

मॅडम उठल्या, दार उघडून व्हरांड्यात गेल्या. "मुलींनो, आपापली प्रिंट काढा. जन्मतारीख नीट बघा. दाखल्याशी जुळते का?"

आधी कागदांची सळसळ. मग एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझी एक दिवस मागं आहे." दुसरी म्हणाली, "माझी पण." "माझी बी!" "मॅडम, माझी पण, मी सांगणारच होते..." बाकावरच्या सगळ्या उभ्या राहिल्या. एकीला रडू आलं, एक हसायला लागली, आणि आवाज इतका वाढला की बाजूच्या ऑफिसातला शिपाई बघायला आला.

त्या सगळ्यांनी ते आधीच पाहिलं होतं. सकाळपासून फायली मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या त्या म्हणूनच. प्रत्येकीला वाटत होतं की चूक आपलीच, आपलंच बोट घसरलं, आणि आता कोणाच्या लक्षात येऊ नये. आमच्यासारख्या घरांतली ही सवय मला चांगली माहीत आहे. कागद आणि आपण यांत फरक पडला की आम्ही आधी स्वतःलाच तपासतो. कागद चुकला असेल हे मनात यायला आम्हाला एक पिढी जास्त लागते. चाचांना लागत नव्हती. कुठल्या गावची मध्यरात्र, हे ते मशीनला बेधडक विचारायचे. बाकी त्यांचे गुण कसेही असोत.

मॅडमनी फॉर्म बनवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला आणि जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. धाकटीच्या कागदावर त्यांनी 'दाखला ग्राह्य' असं लिहिलं आणि सही केली. मग मायकडे वळल्या. "पण आई, तुम्ही मंगळवार कसं म्हणालात?"

मायने पदर तोंडावर धरला. स्वतःच्याच तोंडाचा धसका बसला होता तिला. मीच सांगितलं की आमच्याकडे रात्र आदल्या दिवसाच्या पदरात असते, वार बदलतो तो उजाडल्यावर.

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. "माझी आजी असंच म्हणायची. तिकिटावरच्या तारखेच्या दिवशी ती पहाटे तीनच्या गाडीला 'आज रातची गाडी' म्हणायची, आणि आम्ही एकदा एक दिवस उशिरा स्टेशनवर गेलो होतो."

तेव्हा माय मोकळी झाली. पदर सरळ केला आणि चाचांना म्हणाली, "पाहा, मॅडमची आजी बी तुमच्या त्या पावण्याईच्याच टाइमवर होती."

परतीच्या एसटीत चाचा खिडकीशी बसले. गाडीने गडचिरोली सोडली, नदीचा पूल आला, तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ग्रॅज्युएट, आज बोललीस तू. मी नुसता बडबड करून राह्यलो होतो." त्या अडीच वर्षांत त्यांनी माझं कौतुक केलं ते एवढंच. मला पुरलं. भागाकार त्यांचा होता, हेही मी म्हणाले नाही. त्यांना ते माहीत होतंच.

मायला मात्र आता गप्पांची हुक्की आली होती. "भाऊ, तुमचा वार कोणता?"

"माझी तारीख मास्तरनं लिहिली बाई. एक जुलै."

"तारीख नाई पुसली म्या. वार पुसला."

चाचा मायकडे वळले. "अम्मी सांगे, जुमेरात होती, म्हणजे तुमचा गुरुवार. सूरज बुडला होता, मगरिबची अजान झाली होती. म्हणे, जुम्मा लागून गेला होता. आमच्यात दिवस सूर्य बुडला का लागते ना. ईदचा चांद नाई का, संध्याकाळी दिसला का ईद सुरू."

"म्हणजे शुक्रवारचे."

"हो. शुक्रवारचा."

"मग झालं. तारीख नसली तं नसली. वार तं हाय."

एवढंच बोलून माय मूलला उतरून गेली. चाचा पुढे बल्लारपूरपर्यंत दोन्ही घड्याळांकडे आळीपाळीने बघत होते. साठीतल्या त्या माणसाने हजारो लोकांच्या तारखा लावून दिल्या होत्या, पण त्याच्या जन्माचा दिवस कोणी असा बाहेर काढून त्याच्या हातात ठेवला नसावा.

धाकटी कामावर रुजू झाली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला दुकानात बोलावलं. उजव्या हाताचं घड्याळ सोडलं आणि टेबलावर ठेवलं.

"नाडी मोजाले सेकंद काटा लागते. मोबाइल पाहू नको, पेशंटले वाटते बाई व्हॉट्सॲप पाहून राह्यली."

"चाचा, पण हे तर ग्रीनिचचं..."

"काटे फिरव अन् आपला टाइम लाव. सेकंद तोच रायते. ग्रीनिच असो का धानोरा, सेकंद दोन्हीकडं सारखाच. भांडण फक्त कपड्याचं हाय."

चाचांचं उजवं मनगट त्यानंतर मोकळंच राहिलं. घड्याळाच्या जागी कातडीवर एक फिकट पट्टा. "कुठले वाजले?" असं विचारायची सवय काही सुटली नाही, उत्तर देताना त्या फिकट पट्ट्याकडे बघायचे आणि साडेपाच वजा करून सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर.

मी आता चंद्रपूरला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पोरांना आकड्याची तारीख करायला शिकवताना पहिला प्रश्न फळ्यावर लिहिते, 'कुठली मध्यरात्र?' पोरं हसतात. मी हसू देते. अधूनमधून बल्लारपूरला जाते. दुकान आहे, चाचा आहेत, पाटीही आहे, आणि नवीन माणूस अजून तो नंबर लावून बघतो.

मागच्या आठवड्यात धाकटीचा फोन आला होता. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावात पहाटे बाळंतपण झालं होतं. बाई सुखरूप, मुलगी सुखरूप. वेळ तिने चाचांच्या घड्याळात पाहून तिथल्या तिथे लिहिली. बाळाची आजी बाजूलाच बसून सांगत होती, रविवारची हाय आमची नात. कागदावर सोमवार पडला होता.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? कागदावर सोमवार ठेवला. अन् आजीले म्हटलं, तुमची नात रविवारचीच हाय, कागदावाले थोडे लवकर उठतात. पुढं कोणी अडवलं तं घाबरू नका, मले बोलवा."

"मग आजी काय म्हणाली?"

"काई नाई. म्हणे, हे तं मले माहीतच होतं. चहा पिऊन जा."